स्पेक्ट्रमवर पास्कल: एक मोर आणि तेरा बाइट्स

वडिलांनी १९८८ साली पुण्याहून आणलेला स्पेक्ट्रम प्लस हा छोटा घरगुती संगणक सोलापुरात, साखर पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर, एका जुन्या चादरीत गुंडाळलेल्या अवस्थेत तीसहून अधिक वर्षे पडून होता. त्याच्यासोबत एक टेप रेकॉर्डर, अकरा कॅसेट आणि पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या, मॅन्युअलची पिवळी पडलेली झेरॉक्स प्रत होती. गेल्या उन्हाळ्यात घराची आवराआवर करताना ते गाठोडे खाली आले, आणि याच यंत्रावर, याच कंपायलरने एक छोटासा प्रोग्रॅम लिहायचा असे मी ठरवले. माझे काका आयुष्यभर चादरींसाठी ग्राफ पेपरवर नक्षी काढत आले आहेत. त्यांच्या वहीतला एक मोर स्पेक्ट्रमच्या पडद्यावर उमटवायचा, एवढेच काम होते.

काम छोटे असले तरी मी त्याला एक अट घातली होती. हाच कंपायलर लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन मिनिटांत सुरू होतो, आणि स्पेक्ट्रमची रॉम, म्हणजे त्याच्या चिपेत कायमचा कोरलेला प्रोग्रॅम, एम्युलेटरसोबत वाटण्यास अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने १९९९ साली परवानगी दिल्यापासून त्यात कायद्याचीही अडचण उरलेली नाही. परंतु खऱ्या यंत्रावर साधन चालते असे मी तेव्हाच म्हणणार होते, जेव्हा त्यात लिहिलेला प्रोग्रॅम रात्री यंत्र बंद करून सकाळी पुन्हा जसाच्या तसा हाती येईल. पडद्यावर कंपायलरचे नाव झळकले की छायाचित्र काढून समाधान मानणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. त्यांचा मला राग नाही, पण ते साधन वापरणे नव्हे. लिहिणे, कंपाइल करणे, चालवून पाहणे, जतन करणे आणि परत मिळवणे हा फेरा पूर्ण झाला पाहिजे, आणि त्यात सर्वांत जास्त वेळ कुठे जाईल याचा माझा अंदाज साफ चुकला.

यंत्राची ओळख थोडक्यात करून देते. सिंक्लेअर रिसर्च कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आणला. ३.५ मेगाहर्ट्‌झचा झेड८०ए प्रोसेसर, १६ के रॉम आणि मोठ्या मॉडेलमध्ये ४८ के रॅम (वीज जाताच पुसली जाणारी मेमरी) एवढा त्याचा संसार होता. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या स्पेक्ट्रम प्लसमध्ये रबरी बटणांऐवजी कडक बटणांचा कळफलक मिळाला, आतली पाटी मात्र तीच राहिली. भारतात ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन हेच यंत्र डीबी स्पेक्ट्रम या नावाने विकले, आणि आमच्याकडचे यंत्र त्यांपैकीच एक आहे.

सुरुवात विजेपासून करावी लागली, कारण मूळ अ‍ॅडॉप्टरची वायर उंदरांनी कुरतडली होती. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागते आणि मूळ अ‍ॅडॉप्टर १.४ अँपिअरचा असतो. या आकड्यांचा अ‍ॅडॉप्टर कोणत्याही दुकानात मिळतो, आणि घात होतो तो इथेच. हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरच्या पिनेत मधला भाग धन आणि बाहेरचा ऋण असतो; स्पेक्ट्रमला नेमके उलटे, म्हणजे मधला भाग ऋण हवा असतो. दुकानदाराने “मॅडम, नऊ म्हणजे नऊ, बिनधास्त लावा” असे सांगितले होते. मी घरी येऊन मल्टीमीटर लावला, काट्यांची अदलाबदल करून पुन्हा लावला, आणि मग पिनेच्या वायरी कापून उलट्या जोडल्या. सोळा पायांच्या ४११६ या मेमरी चिपांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात, आणि उणे ५ नाहीसे झाले तर त्या चिपा बळी पडतात, म्हणून झाकण उघडून चिपेच्या पहिल्या, आठव्या आणि नवव्या पायावर अनुक्रमे उणे ५, १२ आणि ५ मिळत असल्याची खात्री करून घेतली. ती मिळाली. मग दूरदर्शन संच जोडला. स्पेक्ट्रमचे चित्र अँटेनाच्या वायरीतून यूएचएफच्या ३६ व्या वाहिनीवर येते, आणि घरातल्या नव्या टीव्हीने ते ओळखण्यास सरळ नकार दिला. सात रस्त्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्या मामांनी मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र अँटेनाच्या लहरींत बदलणाऱ्या डबीच्या, आतली जोडणी बदलून त्याच सॉकेटमधून थेट व्हिडिओ काढून दिला. काळा पडदा, मग पांढरा, आणि तळाशी १९८२ सालची सिंक्लेअरची ओळ.

यंत्र सुरू झाले, पण कॅसेटवरून काही घेण्यासाठी लोड हा शब्द आणि त्यापुढे दोन अवतरण चिन्हे द्यावी लागतात. स्पेक्ट्रमच्या रॉममधल्या बेसिक या भाषेत लोड हा अख्खा शब्द ‘जे’ या अक्षराच्या एका बटणाने उमटतो, तो उमटला. अवतरण चिन्ह मात्र काही केल्या उमटेना. ते पी या बटणावर असते, आणि प्लसच्या कळफलकावर त्याला वेगळे बटण दिलेले असले तरी विजेच्या दृष्टीने ते सिम्बॉल शिफ्ट आणि पी यांचीच जोडी असते. मग लक्षात आले की वाय, यू, आय, ओ आणि पी ही पाचही बटणे एकदम मृत आहेत. कळफलकाखालच्या प्लॅस्टिकच्या मेम्ब्रेनमधून पाटीपर्यंत दोन पातळ फिती जातात, एकीत पाच रेषा आणि दुसरीत आठ, आणि त्या आठांपैकी प्रत्येक रेषा पाच बटणांच्या गटाला सांभाळते. आठ पंचे चाळीस, हीच मूळ स्पेक्ट्रमच्या बटणांची संख्या. आमच्या सोलापूरच्या मे महिन्यात माळ्यावर काय तापमान होत असेल ते सांगायला नको. तीस उन्हाळ्यांनी ती फीत पापडासारखी झाली होती आणि झाकण उघडताना माझ्याच हातून तिची एक रेषा तडकली होती. असे मेम्ब्रेन अजूनही नवे बनतात. परदेशातून मागवले, ते यायला पाच आठवडे लागले, आणि तोवर मी मॅन्युअल दोनदा वाचून काढले. त्या पाच आठवड्यांचा पुढे फार उपयोग झाला.

कॅसेटविषयी जरा सविस्तर लिहायला हवे. स्पेक्ट्रम कॅसेटवर माहिती आवाजाच्या रूपात ठेवतो. सुरुवातीला सुमारे ८०७ हर्ट्‌झचा एकसुरी आवाज येतो, ज्यावर यंत्र आपला कान जुळवून घेते, आणि नंतर खरी माहिती येते: शून्यासाठी दोन आखूड लहरी-तुकडे, एकासाठी त्याच्या बरोबर दुप्पट लांबीचे दोन. सरासरी वेग सेकंदाला सुमारे १५०० बिट पडतो. प्रत्येक भागाच्या शेवटी सगळ्या बाइट्सची मिळून एक पडताळणी बाइट असते. म्हणजे कंपायलर आत यायला दोनेक मिनिटे लागत असतील आणि दहाव्या सेकंदाला एखादा बिट फिरला असेल, तर ते आपल्याला त्या भागाच्या शेवटीच कळते, ‘आर टेप लोडिंग एरर’ या थंड शब्दांत.

अकरा कॅसेटपैकी कंपायलरची कॅसेट वाजत होती, पण बुरशीमुळे मधेच आवाज दबत होता. टेप रेकॉर्डरच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवत, आवाज सर्वांत तीक्ष्ण कुठे होतो ते कानाने ठरवण्याची जुनी युक्ती मी वापरली. तीन प्रयत्नांत एकदा यश असा हिशेब बसू लागला. शेवटी मी त्याच कंपायलरची टॅप स्वरूपातली (एम्युलेटर कॅसेटऐवजी वापरतात ती) फाइल लॅपटॉपवर वेव्ह आवाजात बदलून घेतली आणि मोबाइलवरून वाजवली. त्यात शिकले ते असे: आवाज पूर्ण वर न्यावा, पण मोबाइलमधली आवाज ‘सुधारणारी’ प्रत्येक सोय बंद करावी, कारण त्या सोयी गाण्यासाठी असतात आणि चौकोनी लहरींचे त्या मातेरे करतात. पहिल्याच यशस्वी वाटणाऱ्या प्रयत्नात, अगदी शेवटच्या काही सेकंदांत, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी शुभ सकाळ पाठवली. तिचा टिंग आवाज स्पेक्ट्रमने इमानेइतबारे बिट म्हणून वाचला. त्यानंतर मोबाइल विमानाच्या मोडवर टाकल्याशिवाय मी एकही गोष्ट लोड केलेली नाही.

आता कंपायलर. ब्रिटनच्या हायसॉफ्ट कंपनीचा पास्कल ४ हा माझ्या मते त्या यंत्रासाठी झालेल्या सर्वांत देखण्या साधनांपैकी एक आहे. तो एका फेरीत सगळा प्रोग्रॅम वाचतो आणि थेट झेड८० चे यंत्रसंकेत तयार करतो, मधली कोणतीही फाइल नाही, डिस्क नाही. लोड झाल्यावर तो तीन प्रश्न विचारतो: रॅमचा वरचा टोक कुठे, स्वतंत्र प्रोग्रॅम बनवायचा असल्यास तेव्हाचा टोक कुठे, आणि नावांच्या तक्त्याला जागा किती. तिन्हींना नुसते एंटर दिले तरी चालते, आणि लहानपणी मी तेच करत असे. हे प्रश्न तो का विचारतो हे मात्र मला या वयात समजले. ४८ के म्हणजे ४९,१५२ बाइट्स. त्यातल्या ६,९१२ पडद्याच्या चित्राला आणि रंगांना जातात. कंपायलर सुमारे १२ के घेतो, प्रोग्रॅम चालवताना लागणाऱ्या उपक्रमांना, म्हणजे तयार प्रोग्रॅम-तुकड्यांना, सुमारे ४ के लागतात, शिवाय एडिटर. उरलेल्या वीस-बावीस के जागेत मी लिहिलेला मजकूर, त्यातून तयार झालेले यंत्रसंकेत, नावांचा तक्ता आणि चालू प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या नोंदींची रास या सगळ्यांनी एकाच चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे नांदायचे असते. एखाद्या नावाला सात अक्षरांऐवजी तीन अक्षरे देण्यात कंजूषपणा नसून शेजारधर्म असतो.

या कंपायलरला फाइल हा प्रकार माहीत नाही. प्रोग्रॅममध्ये आधीपासून भरलेली सरणीही, म्हणजे आकड्यांचा तयार तक्ताही, देता येत नाही. मग बत्तीस बाय बत्तीस घरांचा मोर ठेवायचा कुठे? त्यासाठी टाउट आणि टिन असे दोन उपक्रम दिलेले आहेत, जे कोणताही चल (व्हेरिएबल) जसाच्या तसा कॅसेटवर लिहितात आणि परत आणतात. फाइलचे नाव बरोबर आठ अक्षरांचेच असावे लागते. ‘मोर’ हे रोमन लिपीत तीन अक्षरांचे नाव, म्हणून त्यापुढे मोजून पाच रिकाम्या जागा. चार दिल्या की कंपायलर ओळीखाली बाण काढून त्या चुकीला दिलेला क्रमांक दाखवतो आणि ती ओळ दुरुस्त करायची का, असे विचारतो. ही सोय मला आजच्या कितीतरी साधनांपेक्षा सभ्य वाटते. क्रमांकाचा अर्थ मॅन्युअलच्या मागच्या पानावर पाहावा लागतो, पण चूक झाली त्या शब्दाखालीच बाण असतो आणि एका बटणाने आपण त्या ओळीत पोचतो.

पास्कल ४ मध्ये ठिपका काढण्याची आज्ञा नाही. मॅन्युअलच्या परिशिष्टात त्यासाठी एक छोटा उपक्रम दिला आहे, आणि त्याच्या पोटात तेरा बाइट्सचे यंत्रसंकेत थेट लिहिलेले आहेत. पहिल्या चार बाइट्स आयवाय हा रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतला एक छोटा कप्पा, २३६१० या पत्त्यावर नेतात, कारण रॉमला तो तिथे असणे गृहीत लागते. पुढच्या तीन बी रजिस्टरमध्ये उभे अंतर भरतात, त्यापुढच्या तीन सी रजिस्टरमध्ये आडवे, आणि शेवटच्या तीन बाइट्स ८९३३ या पत्त्यावरचा, ठिपका काढणारा रॉममधला उपक्रम बोलावतात. म्हणजे बेसिकमध्ये ठिपका काढणारा जो कारागीर, त्याच्याकडेच पास्कलने मागच्या दाराने जायचे.

झेड८० पत्ता लिहिताना धाकटी बाइट आधी आणि थोरली नंतर लिहितो. ८९३३ म्हणजे ३४ गुणिले २५६ अधिक २२९, तेव्हा क्रम २२९, मग ३४ असा हवा. झेरॉक्सवर तो भाग पुसट होता; मी माझ्या अकलेने ३४, मग २२९ असे लिहिले. कंपायलरने काहीच आक्षेप घेतला नाही, घेण्याचे कारणही नव्हते. प्रोग्रॅम चालवला, आणि प्रोसेसर ८९३३ ऐवजी ५८६५८ वर गेला, जिथे रॅमच्या वरच्या भागात त्या क्षणी काय पडले असेल ते असेल. पडद्यावर रंगीत पट्टे आले, छोट्या स्पीकरमधून एक चिरका आवाज आला आणि मग तळाशी १९८२ ची तीच ओळ. सत्तर ओळी गेल्या. जतन केल्या नव्हत्या, कारण आधी चालते का ते पाहू आणि मग जतन करू, ही माझी लॅपटॉपवरची सवय होती. कंपायलर, मजकूर आणि चालणारा प्रोग्रॅम एकाच रॅममध्ये असतात तेव्हा हा क्रम उलटा हवा, आणि वडील नेहमी आधी कॅसेट का लावत हे मला तेव्हा आठवले.

जतन करणे हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत चिवट भाग निघाला. मोबाइलवर आवाज टिपून घेण्याचा प्रयत्न मी चार दिवस केला. स्पेक्ट्रमच्या माइक सॉकेटमधून येणारा आवाज अगदी बारीक असतो, मोबाइल त्याला आपल्या मनाने कमी-जास्त करतो आणि सलग एकसुरी आवाज ऐकला की त्याला गोंगाट समजून पुसू पाहतो. अखेर टेप रेकॉर्डरला नवा पट्टा बसवला, हेड स्पिरिटने पुसले, आणि कोरी कॅसेट नवी पेठेत एका दुकानाच्या मागच्या फळीवर मिळाली. तरीही परत वाचताना एरर येतच होता. कारण मॅन्युअलमध्येच, एका ओळीत होते: जतन करताना इअरची, म्हणजे आवाज यंत्रात आणणारी, वायर काढून ठेवावी. दोन्ही वायरी एकदम लावलेल्या असल्या की काही टेप रेकॉर्डरमध्ये बाहेर जाणारा आवाज फिरून आत येतो. वायर काढली, आणि पहिल्याच प्रयत्नात सगळे परत वाचले गेले. एसडी कार्ड लावून या सगळ्या कटकटीतून सुटका करणारी डिव्हएमएमसीसारखी जोडणी मिळते, ती मी पुढेमागे घेईनही. पण मग वडिलांच्या हस्ताक्षरातल्या कॅसेटच्या लेबलाखाली माझी एक ओळ लिहिता आली नसती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, उन्हे तापण्याआधी, यंत्र सुरू केले. आतला व्होल्टेज रेग्युलेटर एरवीच इतका तापतो की दुपारी त्यावर काम करणे मी टाळते. कंपायलर आला. ‘जी’ या आज्ञेने कॅसेटवरचा मजकूर आणला, पण काही आल्याची खूण मला दिसली नाही, म्हणून टेप मागे घेऊन पुन्हा आणला. प्रोग्रॅम कंपाइल झाला, चालला. मग मी नक्षीची जागा सरकवण्यासाठी एक ओळ बदलली, पुन्हा कंपाइल केले, आणि मोर तसूभरही हलला नाही. आणखी बदलले, तरी नाही. अर्धा तास मी कंपायलरवर संशय घेत होते. अखेर सगळा मजकूर पहिल्यापासून पाहिला तेव्हा सत्तरऐवजी एकशे चाळीस ओळी निघाल्या. ‘जी’ ही आज्ञा आधीचा मजकूर पुसत नाही, त्याच्या शेवटाला नवा जोडते आणि सगळ्यांना एकपासून नवे क्रमांक देते. माझा प्रोग्रॅम दोनदा आत होता. पास्कलचा कंपायलर प्रोग्रॅम संपवणाऱ्या पहिल्या पूर्णविरामाशी थांबतो, त्यापुढचे वाचतच नाही, आणि मी भक्तिभावाने दुरुस्त्या करत होते त्या दुसऱ्या प्रतीत. पहिल्या सत्तर ओळी पुसल्या आणि मोर उजवीकडे सरकला.

तेवढ्यात काका चहाचा कप घेऊन आले. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, “अगं, मोर डोक्यावर उभा केलास की.”

खरेच होते. मी वहीतली नक्षी वरच्या ओळीपासून खाली अशी भरली होती, आणि स्पेक्ट्रम ठिपक्यांचे उभे अंतर तळापासून मोजतो. मी म्हटले, वजाबाकीची एक खूण टाकली की सरळ होईल.

“टाक, पण भरायलाच चुकलीस तू. खालनं मोजायचं असतंय. पहिलं कार्ड खालचं. कापड खालनं वर वाढतंय का वरनं खाली?”

नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या मागावर बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्यासाठी भोके पाडलेले एक कार्ड असते. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि काकांनी ग्राफ पेपरवरची चौकटी आयुष्यभर त्याच क्रमाने वाचलेली आहे. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमाराला हे यंत्र बसवले तेव्हापासून तो क्रम बदललेला नाही, आणि सिंक्लेअरच्या रॉमचाही तोच निघाला. वजाबाकीची खूण मी टाकली नाही. १,०२४ घरे पुन्हा भरली, या वेळी खालून, काका ओळ वाचून दाखवत होते आणि मी एक-शून्य दाबत होते. मोर आणि पाच रिकाम्या जागा या नावाने ती सरणी कॅसेटच्या दोन्ही बाजूंना जतन केली, इअरची वायर काढून. यंत्र बंद केले आणि आम्ही जेवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर एकदाच आणला, कंपाइल केला, टिनने मोर आणला. तो सरळ उभा होता. काकांनी चष्मा पुसला, खुर्ची पडद्याजवळ ओढली, खालून बोट ठेवत ओळी मोजल्या, आणि एकोणिसाव्या ओळीत शेपटीचे एक घर चुकले आहे असे सांगितले. मी वही काढून ताडून पाहिले. चुकले होते.